तीन गाणी पहिल्या क्रमांकावर आणि गळ्यात नऊ वर्षांचा करार

मे २०२५ मध्ये टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेने आपल्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे विकत घेतल्याचे जाहीर केले, तेव्हा ती बातमी वाचणाऱ्या अनेकांना एकच प्रश्न पडला. गाणी तिने लिहिली, तिनेच गायली, जगभर ती तिच्याच नावाने ओळखली जातात, मग स्वतःचीच गाणी विकत घेण्याची वेळ तिच्यावर का यावी? याचे उत्तर गायक आणि ध्वनिमुद्रण कंपनी यांच्यातल्या करारात असते. असे करार सहसा कपाटाबाहेर येत नाहीत. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका अल्पजीवी बँडचा करार मात्र न्यायालयात आला, तिथे तो कलमागून कलम तपासला गेला आणि त्यामुळे आज आपल्याला तो आतून पाहता येतो. तो बँड म्हणजे लिव्हरपूलचा ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’.

कारकीर्द केवढी होती?

१९८० मध्ये लिव्हरपूलमध्ये हा बँड जमला. हॉली जॉन्सन आणि पॉल रदरफर्ड हे गायक, मार्क ओ’टूल बास गिटारवर, ब्रायन नॅश गिटारवर आणि पीटर गिल ड्रमवर, असे पाच तरुण. पैशांची कायमची चणचण आणि नाव फक्त आपल्या शहरापुरते, अशी त्यांची पहिली वर्षे गेली. ‘द ट्यूब’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्यांचे ‘रिलॅक्स’ हे गाणे झाले आणि ते ट्रेव्हर हॉर्न या निर्मात्याच्या नजरेत भरले. हॉर्न, त्याची पत्नी जिल सिंक्लेअर आणि संगीत पत्रकार पॉल मॉर्ली यांनी १९८३ मध्ये ‘झेडटीटी’ ही ध्वनिमुद्रण कंपनी नुकतीच काढली होती. त्याच वर्षी करार झाला आणि ऑक्टोबरमध्ये ‘रिलॅक्स’ बाजारात आले.

पहिले दोन महिने गाणे रखडत चालले. जानेवारी १९८४ च्या पहिल्या आठवड्यात ते ब्रिटिश विक्रीयादीत ३५ व्या क्रमांकावर असताना बँडला बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात बोलावणे आले आणि पुढच्याच यादीत गाणे सहाव्या क्रमांकावर गेले. मग ११ जानेवारीला बीबीसीच्या रेडिओ १ वरील निवेदक माइक रीड यांनी गाण्याचे शब्द अश्लील असल्याचे सांगून ते वाजवण्यास नकार दिला आणि थोड्याच दिवसांत बीबीसीनेही त्यावर बंदी घातली. ज्या गाण्यावर बंदी, ते ऐकण्याची उत्सुकता दुप्पट. महिना संपण्यापूर्वी ‘रिलॅक्स’ पहिल्या क्रमांकावर पोचले आणि तिथे पाच आठवडे राहिले. देशातले सर्वाधिक खपाचे गाणे राष्ट्रीय नभोवाणीवर वाजत नाही, असे ते विलक्षण आठवडे होते.

जूनमध्ये ‘टू ट्राइब्ज’ आले. शीतयुद्ध ऐन भरात होते. गाण्याच्या चित्रफितीत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते चेर्नेन्को यांच्यासारखे दिसणारे दोन नट आखाड्यात एकमेकांना लोळवताना दाखवले होते. हे गाणे थेट पहिल्या क्रमांकावर उतरले आणि नऊ आठवडे तिथून हलले नाही. त्या काळात ‘रिलॅक्स’ पुन्हा वर चढून दुसऱ्या क्रमांकावर आले, म्हणजे यादीतल्या पहिल्या दोन्ही जागा एकाच बँडकडे होत्या. डिसेंबरमध्ये ‘द पॉवर ऑफ लव्ह’ हे संथ प्रेमगीतही एक आठवडा पहिल्या क्रमांकावर राहिले. पहिली तिन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर जाण्याचा मान त्याआधी फक्त ‘जेरी अँड द पेसमेकर्स’ या १९६३ मधल्या बँडला मिळाला होता, आणि तोही लिव्हरपूलचाच.

उतरण तितकीच वेगाने आली. १९८५ मध्ये चौथे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. १९८६ मध्ये आलेल्या ‘लिव्हरपूल’ या दुसऱ्या अल्बममधली गाणी अनुक्रमे चौथ्या, एकोणिसाव्या आणि अठ्ठाविसाव्या क्रमांकांवर थांबली. १९८७ च्या सुरुवातीच्या दौऱ्यानंतर बँड फुटला. पहिल्या गाण्यापासून मोजले, तर सारी कारकीर्द साडेतीन वर्षांचीही नाही.

करारातले चार शब्द

पुढचे समजण्यासाठी चार संज्ञा पुरेशा आहेत.

‘मास्टर’ म्हणजे स्टुडिओत तयार झालेले अंतिम मूळ ध्वनिमुद्रण. रेकॉर्ड, कॅसेट, सीडी किंवा आजचे मोबाईलवरचे गाणे, या सगळ्या प्रती त्यावरून निघतात. मास्टर ज्याच्या मालकीचा, त्याला प्रती काढण्याचा, विकण्याचा आणि इतरांना वापरू देण्याचा हक्क असतो. ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलणारी कंपनी बहुतेक करारांत ही मालकी स्वतःकडे घेते.

गाणे म्हणजे शब्द आणि चाल. ही वेगळी मालमत्ता. तिच्या हक्कांना ‘प्रकाशन हक्क’ म्हणतात. उद्या दुसऱ्या एखाद्या गायिकेने तेच गाणे नव्याने गायले, तर जुन्या मास्टरचा तिथे संबंध येत नाही, मात्र प्रकाशन हक्क लागू होतो.

‘रॉयल्टी’ म्हणजे प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे कलाकाराला मिळणारा ठरलेला वाटा.

चौथी संज्ञा आगाऊ रकमेची आणि ती समजायला महाराष्ट्रात फार लांब जावे लागत नाही. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतात आणि मग हंगामभर कोयता चालवून ती फेडतात. ध्वनिमुद्रण कंपनी कलाकाराला देते ती रक्कम याच जातीची असते. फरक एवढा, की रेकॉर्ड खपली नाही तर कलाकाराला सहसा खिशातून पैसे परत करावे लागत नाहीत. पण रेकॉर्ड खपली, तर आधी उचल वळती होते आणि उरलेच तर कलाकाराच्या हाती पडते. यात सामान्य माणसाला चकित करणारी बाब अशी, की स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन आणि निर्मितीचा इतर खर्चसुद्धा बऱ्याच करारांत उचलीच्याच खात्यात टाकला जातो.

आकड्यांत पाहू. समजा रेकॉर्डची किंमत १०० रुपये आहे, कलाकाराची रॉयल्टी ८ रुपये आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च १० लाख रुपये. हा खर्च कलाकाराच्या ८ रुपयांतून वसूल व्हायचा असेल, तर सव्वा लाख प्रती खपेपर्यंत त्याला एक रुपयाही मिळणार नाही. तोवर रेकॉर्डची एकूण विक्री सव्वा कोटी रुपयांची झालेली असेल. त्यातून छपाई, वितरक, दुकानदार आणि जाहिरात यांचे पैसे गेले, तरी कंपनीच्या हाती काही ना काही येऊ लागलेले असते. आता ध्वनिमुद्रण लांबले आणि खर्च २० लाखांवर गेला असे धरा. कलाकाराचा पहिला रुपया अडीच लाख प्रतींनंतर येईल. खर्च किती करायचा हे ठरवणारा एक आणि तो सोसणारा दुसरा, अशी ही मांडणी आहे.

स्टुडिओ कोणाचा, हिशेब कोणाचा?

फ्रँकीच्या बाबतीत याला आणखी एक पदर होता आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ध्वनिमुद्रणाचा करार झेडटीटीशी झाला. त्याचबरोबर गाण्यांच्या प्रकाशन हक्कांसाठी ‘पर्फेक्ट साँग्ज’ या कंपनीशी दुसरा करार झाला. ध्वनिमुद्रण झाले ते लंडनच्या ‘सार्म’ या स्टुडिओत. या तिन्ही व्यवसायांची सूत्रे हॉर्न आणि सिंक्लेअर यांच्याकडे होती. म्हणजे स्टुडिओच्या प्रत्येक जादा तासाचे भाडे बँडच्या वाट्यातून वजा होत होते आणि ते जमा होत होते ते रेकॉर्ड कंपनीच्या मालकांच्याच दुसऱ्या व्यवसायात. त्यात लबाडी होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण खर्च आटोक्यात ठेवण्याची निकड ज्याला वाटायला हवी, त्याला ती वाटण्याचे कारणच उरत नाही.

शिवाय हॉर्न हा ध्यास घेतलेला निर्माता होता. ‘रिलॅक्स’ची अनेक रूपे त्याने ध्वनिमुद्रित केली आणि टाकून दिली. शेवटी जे रूप बाजारात आले, त्यातले वादन बहुतांशी बँडच्या मुलांचे नव्हते. जे. जे. जेक्झालिक, अँडी रिचर्ड्‌स आणि स्टीव्ह लिप्सन या स्टुडिओतल्या मंडळींनी ते फेअरलाइटसारख्या त्या काळच्या महागड्या संगणकी वाद्यांच्या मदतीने घडवले होते. एकेका गाण्याच्या लांब, आखूड, वेगवेगळ्या मिश्रणांच्या आवृत्त्या झेडटीटी बाजारात आणत राही आणि चाहते त्या सगळ्या विकत घेत. ‘टू ट्राइब्ज’ नऊ आठवडे वर टिकण्यामागे या युक्तीचा मोठा हात होता.

बाहेर पडण्याचा दरवाजा कोणासाठी उघडा होता?

कराराची मुदत पहिल्यांदा वाचली, तर अगदी निरुपद्रवी वाटते. सुरुवातीचा काळ थोड्या महिन्यांचा. त्यानंतर मात्र मुदत वाढवण्याचे हक्क एकामागून एक लावलेले होते आणि ते सर्व एकट्या कंपनीच्या हाती होते. बँड चालला नाही, तर कंपनी पुढची मुदत न वाढवता त्याला सोडून देऊ शकत होती. बँड चालला, तर तीच कंपनी त्याला आठ-नऊ वर्षे बांधून ठेवू शकत होती. बँडला मात्र मध्येच थांबण्याचा असा हक्क नव्हता. पॉप संगीतात बहुतेकांची उमेदीची वर्षे चार-पाच असतात. तिथे नऊ वर्षे म्हणजे जवळपास सारे व्यावसायिक आयुष्य.

करारात आणखी एक कलम होते: एखादा सदस्य बँड सोडून गेला, तरी तो व्यक्तिशः कंपनीला बांधलेला राहील. १९८७ मध्ये जॉन्सनने बँड सोडला आणि एमसीए या दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचे ठरवले, तेव्हा झेडटीटीने याच कलमाचा आधार घेऊन त्याला रोखण्यासाठी न्यायालयात दावा लावला.

न्यायालयाने काय म्हटले?

इंग्लंडच्या न्यायालयांत एक जुने तत्त्व आहे. माणसाच्या उपजीविकेवर बंधन घालणारा करार दोन्ही पक्षांच्या आणि जनतेच्या हिताच्या दृष्टीने वाजवी असेल, तरच न्यायालय तो अमलात आणते. अवाजवी असेल, तर सही असूनही आणत नाही. हे तत्त्व संगीत व्यवसायाला लावण्याचा पाया १९७४ मध्ये घातला गेला. टोनी मॅकॉले या तरुण गीतकाराने ५० पौंडांच्या उचलीवर पाच वर्षांचा करार केला होता आणि रॉयल्टी ठरावीक रकमेपुढे गेली, की तो आपोआप दहा वर्षांचा होणार होता. प्रकाशक कंपनीवर त्याचे एकही गाणे प्रसिद्ध करण्याची सक्ती नव्हती. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, हा करार अवाजवी ठरवला.

जॉन्सनच्या खटल्यात न्यायमूर्ती व्हिटफर्ड यांनी १९८८ मध्ये तोच मार्ग धरला. कराराची लांबी, मुदतवाढीचा एकतर्फी हक्क आणि सही करताना दोन्ही बाजूंच्या ताकदीतली तफावत पाहून त्यांनी ध्वनिमुद्रणाचा आणि प्रकाशनाचा असे दोन्ही करार बंधनकारक नसल्याचे ठरवले. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. दरम्यान जॉन्सनचा ‘ब्लास्ट’ हा एकट्याचा अल्बम एमसीएकडून निघाला होता आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता.

पण सही तर स्वखुशीने केली होती ना?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो रास्त आहे. शब्द पाळला जात नसेल, तर व्यापार चालायचा कसा? या मुलांना कोणी डांबून ठेवले नव्हते. सही करण्यापूर्वी त्यांना वकिलाचा सल्लाही मिळालेला होता. तरीही ते त्या वेळी बेकारी भत्त्यावर दिवस काढणारे, नाव नसलेले तरुण होते आणि समोर देशातला नावाजलेला निर्माता होता. असा प्रस्ताव पुन्हा येईल याची खात्री नसताना कोणती अटही घासाघीस करून बदलून घेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ताकद असमान असली, की प्रत्येक करार रद्द होतो असे मात्र नाही. असमान ताकदीचा वापर करून कंपनीने आपल्या गुंतवणुकीच्या संरक्षणाला लागतात त्याहून जास्त बंधने लादली का, एवढेच न्यायालय तपासते.

कंपनीने धोका पत्करला, त्याचे काय?

दहा बँडवर पैसे लावावेत तेव्हा एखादा चालतो आणि त्या एकाच्या कमाईतून बाकीच्यांचा तोटा भरून निघतो, असे रेकॉर्ड कंपन्या सांगतात आणि त्यात तथ्य आहे. हॉर्नशिवाय ‘रिलॅक्स’ त्या रूपात जन्मालाच आले नसते, हेही मान्य करायला हवे. वादन स्टुडिओतल्या लोकांचे, जाहिरातीची घोषवाक्ये मॉर्लीची, मग मुलांचे काय, असे तेव्हाही विचारले गेले. पण गाण्याचे बीज जॉन्सन, गिल आणि ओ’टूल यांचे होते आणि ‘द पॉवर ऑफ लव्ह’मध्ये जॉन्सनचा आवाज ज्या उंचीवर जाऊन स्थिरावतो, ते कोणत्याही यंत्राचे काम नव्हते. कंपनीला मोठा वाटा मिळावा, काही वर्षांची हमीही मिळावी. तेवढ्याने तिच्या धोक्याची भरपाई होते. धोका दोन वर्षांचा आणि मोबदला नऊ वर्षांच्या बांधिलकीचा, हे प्रमाण मला मान्य होत नाही आणि न्यायालयालाही झाले नाही.

मग कोणताही तारा हवा तेव्हा करार मोडू शकतो?

मुळीच नाही, आणि याचे उदाहरणही इंग्लंडमधलेच आहे. ‘व्हॅम’ या जोडीतून पुढे आलेल्या जॉर्ज मायकेलने सोनी कंपनीविरुद्ध अशाच मुद्द्यावर खटला लढवला आणि १९९४ मध्ये तो हरला. त्याचा करार लांबलचक होताच. पण प्रसिद्ध झाल्यानंतर, उत्तम वकील हाताशी असताना, त्याने करार नव्याने वाटाघाटी करून वाढवून घेतला होता आणि त्याबदली भरघोस रकमा स्वीकारल्या होत्या. नवखेपणी केलेली सही आणि ताकद आल्यावर केलेली सही, या दोहोंकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही.

जिंकलेल्या जॉन्सनलाही सगळे मिळाले नाही. त्याला पुढच्या कामाचे स्वातंत्र्य मिळाले. आधीच्या गाण्यांचे मास्टर मात्र झेडटीटीकडेच राहिले. कंपनी पुढची कित्येक वर्षे त्यांचे संग्रह आणि नव्या आवृत्त्या काढत राहिली आणि २०१७ मध्ये ती कंपनी तिच्या गाण्यांच्या ठेव्यासह युनिव्हर्सल म्युझिकने विकत घेतली. टेलर स्विफ्टच्या बातमीचा उलगडा इथे होतो. तरुणपणी करार करताना मास्टरची मालकी कंपनीकडे गेली, कंपनी विकली गेली, मास्टर तिच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले आणि ते परत मिळवण्याचा विकत घेण्यावाचून दुसरा रस्ता तिच्यापुढे नव्हता.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचे कलम २७ या बाबतीत इंग्लंडपेक्षा कडक आहे. कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून माणसाला रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल आहे, असे ते कलम सांगते. वाजवी की अवाजवी हा प्रश्न त्याच्या शब्दांत येत नाही. न्यायालयांनी मात्र त्यात एक भेद केला आहे. करार चालू असतानाचे बंधन सहसा टिकते, करार संपल्यानंतरचे टिकत नाही.

याचा मासला श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात सापडतो. प्रसिद्धीच्या उंबरठ्यावर असताना, २००० मध्ये, त्याने जाहिरातींचे व्यवहार पाहणाऱ्या एका संस्थेशी तीन वर्षांचा करार केला होता. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला, तर तो आधी याच संस्थेपुढे ठेवावा, असे एक कलम त्यात होते. त्याने दुसरीकडे करार केला, तेव्हा संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. एकल न्यायाधीशांनी तिच्या बाजूने मनाई हुकूम दिला, खंडपीठाने तो उठवला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निर्णय कायम केला. मुदत संपल्यानंतरचे ते बंधन कलम २७ खाली टिकणारे नव्हते. हा भेद ध्यानात घेतला, तर एक गोष्ट दिसते: मुदत चालू असतानाच नऊ वर्षे बांधून ठेवणाऱ्या कराराविरुद्ध आपल्याकडे लढणे इंग्लंडइतके सरळ नाही.

गीतकार आणि संगीतकार यांच्यासाठी मात्र आपल्या कॉपीराइट कायद्यात अशा तरतुदी आहेत, ज्या १९८३ मध्ये फ्रँकीच्या मुलांच्या कामी आल्या असत्या. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. प्रदेश नमूद नसेल, तर हस्तांतर भारतापुरतेच मानले जाते. हक्क घेणाऱ्याने तो वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास हक्क मूळ मालकाकडे परत येतो. मॅकॉलेची गाणी ज्या प्रकारे पडून राहू शकली असती, त्या प्रकाराला इथे आळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. चित्रपट असो वा स्वतंत्र अल्बम, गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा आपला वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. अपवाद एकच: चित्रपटगृहात चित्रपटासोबत गाणे दाखवले जाते, तेवढा वापर यातून वगळला आहे. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे लिहिलेल्या कागदावर सही केलेली असली, तरी रॉयल्टीचा हा वाटा त्या सहीने जात नाही. मास्टरच्या मालकीला ही दुरुस्ती हात लावत नाही. ती आजही, लंडनप्रमाणेच मुंबईत, ध्वनिमुद्रणाचा खर्च करणाऱ्याकडेच सहसा जाते.